राक्षसीण ओळखायची असेल तर आधी तिचा उतारा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "प्राचीन पुराकथांमधल्या राक्षसिणींची यादी करतोय. लमाश्तू, लिलिथ, लामिया, पूतना... जिकडे बघावं तिकडे तान्ह्या मुलांच्या जिवावर उठलेली बाई. म्हणजे मुळात एकच राक्षसीण देशोदेशी फिरली का? की या सगळ्या आधी देवी होत्या आणि मग पुरुषांनी त्यांना बदनाम केलं?"

या दोन्ही प्रश्नांना "हो" म्हणणारी उत्तरं तुम्हाला ढिगानं मिळतील. मीही एकेकाळी तेच सांगायचे. पुराकथा शिकवायला लागले तेव्हा फळ्यावर एक मोठा तक्ता काढायचे. वर लमाश्तू, तिथून एक बाण लिलिथकडे, एक लामियाकडे आणि एक लांबलचक बाण पूर्वेला पूतनेकडे. सोबत पडद्यावर एक चित्र: पंख असलेली, पक्ष्याच्या पायांची, दोन सिंहांवर उभी असलेली नग्न स्त्री, दोन्ही बाजूंना घुबडं. "ही लिलिथ," असं मी ठणकावून सांगायचे. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, तिच्यावर नाव लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. तो मातीचा फलक सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचा, मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकच्या भागातला. ब्रिटिश म्युझियमनं २००३ मध्ये तो विकत घेतला आणि "रात्रीची राणी" असं मोघम नाव ठेवलं, ते उगीच नाही. तिच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट आहे आणि त्या संस्कृतीत तो देवतांच्याच डोक्यावर असतो. आज बहुतेक अभ्यासक तिला प्रेम आणि युद्धाची देवी इश्तार किंवा पाताळाची राणी एरेश्किगल मानतात. पंख आणि नख्या दिसल्या की आपण राक्षसीण म्हणून मोकळे होतो. तो तक्ता मी त्याच आठवड्यात पुसला.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कुठल्याही राक्षसिणीचं चित्र किंवा गोष्ट बघण्याआधी तिच्यावरचा उतारा शोधायचा: ताईत, मंत्र, तोडगा, औषध. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यांचं मन रमवायचं असतं, मूर्ती घडवणाऱ्याला मूर्ती देखणी करायची असते. उतारा मात्र घाबरलेल्या घरानं रात्री-अपरात्री केलेला असतो. ती कुठून येते, कोणत्या दिवशी येते, कोणाला धरते आणि कशानं जाते, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

मेसोपोटेमियातल्या लमाश्तूपासूनच सुरुवात करू, कारण तिचा उतारा सगळ्यात तपशीलवार हाती आलाय. तोंड सिंहिणीचं, पाय शिकारी पक्ष्याचे, दोन्ही हातांत साप, एका स्तनाला कुत्र्याचं पिल्लू आणि दुसऱ्याला डुकराचं. ती बाळंतिणीच्या पोटाला सात वेळा हात लावते, दाईच्या हातून मूल ओढते, दूध पाजायला मागते. हे सगळं अंगावर काटा आणणारं आहे. पण तिच्याविरुद्धच्या ताइतांवर खालच्या बाजूला काय कोरलंय ते बघा: एक कंगवा, एक चाती, तेलाची कुपी, एक गाढव आणि होडी. ही शस्त्रं नव्हेत, ही प्रवासाची शिदोरी आहे. विधीत तिची मातीची बाहुली करायची, तिच्या तोंडात डुकराच्या पिल्लाचं काळीज ठेवायचं, बाईमाणसाला लागतं ते सामान द्यायचं आणि नदी ओलांडून, डोंगर ओलांडून तिची पाठवणी करायची. तिला ठार मारता येत नाही हे त्या लोकांनी मान्यच केलं होतं. ती आकाशदेव अनूची मुलगी. मानवी बाळांचा हव्यास धरला म्हणून बापानं तिला स्वर्गातून हाकलून दिलेलं. देवाची लेक मरायची कशी? म्हणून तिला सामान बांधून द्यायचं.

आता हे डोक्यात ठेवून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १५५ वं सूक्त वाचा. तिथे अरायी नावाची एकाक्ष, वाकडी, किंकाळणारी स्त्री आहे आणि दुसऱ्या ऋचेत ती सगळे गर्भ नासवणारी म्हटली आहे. तिला पहिल्याच ओळीत सांगितलंय: "गिरिं गच्छ", डोंगरावर जा. आणि तिसऱ्या ऋचेत: ते बघ, नदीच्या पलीकडे एक लाकूड तरंगतंय, त्याच्यावर माणूस नाही, ते पकड आणि त्याच्यावरून पार दूर निघून जा.

तिथे होडी, इथे ओंडका. दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे गर्भाचा नाश. मी हे पहिल्यांदा शेजारी-शेजारी ठेवून वाचलं तेव्हा पुसलेला तक्ता पुन्हा काढायचा मोह झाला होता. पण थांबून विचार केला तर वाहतं पाणी ही वस्तीची सगळ्यात ठळक हद्द असते, कुठल्याही वस्तीची. नको असलेलं माणूस, राख, मडकं, रोग, सगळं आपण पाण्यापलीकडेच टाकतो. त्यामुळे सारखा उतारा म्हणजे सारखा वंश, असं मी आता म्हणत नाही. भीती सारखी आणि हद्द सारखी, एवढंच त्यावरून हाती लागतं. गाठभेट झाली होती असं म्हणायचं तर नाव किंवा मंत्राचा शब्द एका भाषेतून दुसरीत गेलेला दिसायला हवा.

लिलिथच्या बाबतीत तसा तो दिसतो. मेसोपोटेमियातल्या जुन्या अक्कडी भाषेत लिलू, लिलीतू आणि अर्दत-लिली ही भुतांची एक जमात आहे आणि हिब्रूतली लिलीथ त्याच कुळातली. पण एक गोष्ट यादी करणारे नेहमी विसरतात: मेसोपोटेमियात लिलीतू आणि लमाश्तू या दोन वेगळ्या बाया होत्या. अर्दत-लिली तर बाळांच्या मागे लागणारी नव्हेच. ती लग्नाआधी मेलेली मुलगी. मंत्र तिचं वर्णन करतात ते असं: जिला नवऱ्याचा सहवास मिळाला नाही, जिला मूल झालं नाही, जिच्या स्तनांत दूध उतरलं नाही. म्हणून ती तरुण पुरुषांकडे खिडकीतून येते. तिच्या मंत्रात मला राग फारसा दिसत नाही, कणवच जास्त दिसते.

हिब्रू बायबलमध्ये लिलीथचं नाव फक्त एकदा येतं, यशयाच्या ३४ व्या अध्यायात, उद्ध्वस्त झालेल्या अदोम देशातल्या रानटी प्राण्यांच्या गर्दीत. बाकी काही नाही. तिची खरी हजेरी लागते ती इसवी सनाच्या ५ व्या ते ८ व्या शतकांतल्या मातीच्या वाडग्यांवर. हे वाडगे मेसोपोटेमियातल्या निप्पूर शहरात आणि आसपासच्या घरांत जमिनीखाली पालथे पुरलेले सापडले. आतल्या बाजूनं गोल गोल फिरत जाणारा मजकूर, मधोमध बऱ्याचदा साखळदंडानं बांधलेली आकृती. मजकूर वाचला तर हसू येईल आणि मग येणार नाही: तो घटस्फोटाचा कागद आहे! घरमालकाच्या नावानं लिलीथला रीतसर काडीमोड दिलेला, केस मोकळे सोडून पाठीवर टाकून घराबाहेर निघ म्हणून. म्हणजे ती त्या घरात बायकोच्या हक्कानं राहतेय हे गृहीत धरलेलं आहे. चोराला हाकलता येतं, बायकोला कागद द्यावा लागतो.

आणि तुम्ही जिला लिलिथ म्हणता, आदमची पहिली बायको, बरोबरीचा हक्क मागून निघून गेलेली, ती यशयानंतर हजाराहून जास्त वर्षांनी येते. "बेन सिराची मुळाक्षरं" नावाच्या ८ व्या ते १० व्या शतकांतल्या एका थट्टेखोर ग्रंथात. त्या गोष्टीचा शेवट कुठे होतो बघा. तीन देवदूत तिला परत न्यायला येतात, ती नाही म्हणते, पण कबूल करते की तुमची नावं लिहिलेला ताईत दिसला तर त्या बाळाला हात लावणार नाही. मुलगा असेल तर ८ दिवस तिची सत्ता, मुलगी असेल तर २० दिवस. मला वाटतं, ताईत आधीपासून घराघरांत होता आणि "ही तीन नावं कोणाची?" या प्रश्नाला उत्तर म्हणून गोष्ट रचली गेली. स्वातंत्र्यासाठी बंड करणारी लिलिथ आजच्या वाचकाला भावते, मलाही भावते. पण तुमच्या यादीत ती "प्राचीन" या रकान्यात बसणार नाही.

पूतनेचं तर आपल्याला माहीत असतं असं आपण समजतो. भागवताच्या दहाव्या स्कंधातली, विष लावलेला स्तन देणारी, कृष्णानं प्राणांसकट शोषून घेतलेली. तिचा उतारा शोधायला मी सुश्रुतसंहितेचं उत्तरतंत्र उघडलं, तर तिथे ती एकटी नव्हती. बालकांना पछाडणारे नऊ ग्रह (आकाशातले नव्हेत, मुलांना 'धरणारे') दिलेत. त्यांत शकुनी आहे, रेवती आहे, आणि पूतना, अंधपूतना, शीतपूतना अशा तिघी आहेत. पूतनेनं धरलेल्या मुलाची लक्षणं अशी: अंग गळून जातं, दिवसा झोपतं आणि रात्री झोपत नाही, पातळ जुलाब होतात, उलट्या होतात, तहान तहान करतं, अंगावर काटा येतो, अंगाला कावळ्यासारखा वास येतो. हा जुलाब-उलट्यांनी सुकत चाललेल्या बाळाचा चोख वृत्तांत आहे. वैद्यानं पाळण्याशेजारी बसून केलेला. कृष्णाच्या गोष्टीत पूतना एकदाच येते आणि मरते. वैद्यांच्या पोथीत ती मरत नाही, पुढच्या घरी जाते.

दिवसांचे आकडे तर मला फार बोलके वाटतात. षष्ठीचं जागरण सहाव्या रात्री, लिलिथची सत्ता पहिले ८ दिवस. नाळेतून होणारा धनुर्वात बहुधा पहिला आठवडा संपता संपता दिसू लागतो. तोवर नीट दूध पिणारं मूल अचानक जबडा आवळतं, ओढता येत नाही, ताठ होतं. बाळंतज्वरही पहिल्या दहा दिवसांतलाच. कारण माहीत नसलेल्या माणसाला "कोणीतरी आलं आणि धरलं" यापेक्षा जवळचं वर्णन सुचणार नाही. अर्थात प्रत्येक राक्षसिणीमागे एकेक रोग चिकटवत बसू नका, तो खेळही फसवा असतो. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या परिवारातले हे ग्रह मुलांना १६ वर्षांपर्यंत त्रास देतात असं सांगितलंय, त्याला कुठला एक आजार पुरणार?

इथपर्यंतच्या सगळ्या जणी बाळंतिणीच्या खोलीतल्या. त्यांना घाबरणाऱ्या मुख्यतः आया, दाया, सासवा. म्हणून "पुरुषांनी बदनाम केलं" हे वाक्य इथे मला पटत नाही. ताईत बांधणारे हात बहुधा बायकांचेच होते आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

पण तुमचा संशय अगदीच वाया गेलेला नाही, तो दुसऱ्या घोळक्याला लागू पडतो: वाटेवरच्या आणि रानातल्या. यांच्यावर ताईत फारसे सापडत नाहीत. या पुरुषांच्या गोष्टींतून येतात आणि त्यांत बहुतेक वेळा त्यांचं सोंग उघडं पडतं किंवा त्या मारल्या जातात. ग्रीकांची एम्पुसा घ्या. अ‍ॅरिस्टोफनीसच्या "बेडूक" या नाटकात ती क्षणात बैल, क्षणात खेचर, क्षणात सुंदर बाई होते. एक पाय पितळेचा, दुसरा शेणाचा. लोक हसत असणार. लामियाचा प्रवास तर डोळ्यांसमोर घडतो. आधी ती लिबियाची राणी, देवांचा राजा झ्यूस याची प्रेयसी. झ्यूसची बायको हेरा हिनं तिची मुलं हिरावली म्हणून वेडीपिशी होऊन दुसऱ्यांची मुलं ओढणारी. प्लुटार्क सांगतो की ती घरी आली की आपले डोळे काढून भांड्यात ठेवते. पुढे इसवी सनाच्या ३ ऱ्या शतकात फिलोस्ट्रॅटसच्या लेखनात लामियाच म्हणवली जाणारी एक बाई कोरिंथमध्ये एका देखण्या शिष्याशी लग्न ठरवते आणि तत्त्वज्ञ गुरू ऐन मांडवात तिचं सोंग उघडं पाडतो. नाव तेच. पण आधीची लामिया आईच्या तोंडची होती, ही मास्तरांच्या तोंडची आहे. तरुणांनो, सांभाळा!

रामायणातली ताटकाही याच घोळक्यात ठेवा. ती जन्मानं यक्षी, सुकेतूची मुलगी. नवरा मेल्यावर अगस्त्याच्या अंगावर धावून गेली म्हणून शापानं विद्रूप झाली. राम तिला मारायला कचरतो, कारण ती स्त्री आहे. मग विश्वामित्र त्याला दाखले देतो: विरोचनाच्या मुलीला इंद्रानं मारलं, भृगूच्या पत्नीला विष्णूनं मारलं. म्हणजे ताटकेच्या प्रसंगात प्रश्न तिच्या स्वभावाचा नाहीच, "बाईवर शस्त्र उचलावं का" हा तरुण राजपुत्राचा प्रश्न आहे. ती निमित्त आहे. इथे बदनामीबद्दल बोलायला भरपूर जागा आहे, अवश्य लिहा.

तिसरा घोळका मेलेल्या बायकांचा, आणि तो सगळ्यात अवघड. इथे राक्षसीण परकी नसते, कालपर्यंत ती घरातलीच होती. मराठीतली अळवंतीण बाळंतपणात मेलेली. मलायातली लांगसुयरही तशीच, आणि तिचा उतारा वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रज अभ्यासक स्कीट यांच्या नोंदींत तो दिलाय: प्रेताच्या तोंडात काचेचे मणी भरायचे म्हणजे तिला किंचाळता येणार नाही, दोन्ही काखांत अंडी ठेवायची म्हणजे उडताना हात पसरता येणार नाहीत, तळहातांत सुया टोचायच्या. बाळंतपणात गेलेल्या आपल्याच सुनेबाबत, लेकीबाबत हे करायचं. लमाश्तूला निदान कंगवा आणि तेल मिळत होतं.

मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांनी हेच मरण उलट बाजूनं धरलं. बाळंतपणात गेलेली स्त्री म्हणजे रणात पडलेला योद्धा. अशा स्त्रिया सिवातेतेओ होतात आणि माध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्याला सोबत करतात. एवढा मान दिल्यावरही पंचांगातल्या ठरावीक ५ दिवशी त्या चौरस्त्यांवर उतरतात आणि मुलांना धरतात. मान दिला म्हणून भीती गेली नाही. "आधी देवी की आधी राक्षसीण" हा प्रश्न मला इथे मोडून पडल्यासारखा वाटतो. त्या एकाच वेळी दोन्ही आहेत. लमाश्तूचंही तेच, तिच्या नावाआधी कीलाक्षरांत, म्हणजे मेसोपोटेमियाच्या लिपीत, देवतेचं चिन्ह लिहीत. आणि तिला पळवून लावणारा पझूझू हा स्वतः दुष्ट वाऱ्यांचा राजा, राक्षसच.

उलटा प्रवास मात्र चांगला नोंदवलेला आहे: राक्षसिणीची देवी होणं. राजगृहाची हारिती ५०० मुलांची आई, आणि दुसऱ्यांची मुलं खाणारी. बुद्धानं तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं. ती सैरभैर झाल्यावर विचारलं, ५०० मधलं एक गेलं तर तुझं हे होतं, ज्यांना एकच आहे त्यांचं काय? ती शरण आली. पण मग माझ्या मुलांनी खायचं काय, हा तिचा प्रश्न उरलाच! तोडगा असा निघाला की विहारांतून तिला रोज अन्न मिळेल. ७ व्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू यिजिंग लिहितो की विहारांच्या दाराशी किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात तिची प्रतिमा असते, कडेवर मूल, गुडघ्यांशी तीन-पाच मुलं, आणि तिच्यापुढे रोज ताट ठेवतात. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात ती नवऱ्याशेजारी, पांचिक यक्षाशेजारी, ऐसपैस बसलेली आहे.

तेव्हा यादीत नावापुढे देश आणि काळ एवढंच लिहू नका. ती कळते कशातून (ताईत, वैद्यक, महाकाव्य, लोककथा), घाबरतं कोण, ती येते कधी, आणि शेवटी तिचं काय करतात, हे चार रकाने जोडा. मारतात, पाठवतात, काडीमोड देतात, जेवू घालतात. शेवटचा रकाना भरला की तुमची ती "एकच राक्षसीण" आपोआप पाच-सहा जणींत विभागली जाईल.

आणि तुमच्या यादीत 'जरा' नावाची राक्षसीण नाही, ती आधी घाला. महाभारताच्या सभापर्वात मगधाच्या बृहद्रथाच्या दोन राण्यांना एका आंब्याचे दोन अर्धे खाऊन अर्धं-अर्धं मूल होतं. दाया ते दोन तुकडे चौरस्त्यावर टाकतात. जरा राक्षसीण ते उचलते आणि न्यायला सोपं जावं म्हणून दोन्ही एकत्र जुळवते. तुकडे सांधले जातात, पोर मेघासारखं रडतं, आणि एवढं जड होतं की तिला उचलवेना. ती ते राजाला परत देते. का, तर त्याच्या घराच्या भिंतीवर तिचं चित्र होतं, भोवती पुष्कळ मुलं काढलेलं, आणि तिथे तिला रोज गंध, फुलं, नैवेद्य मिळत होता.